व्हडल्या दिवाळीआधी तुळशीवृंदावनावर मोझॅक: तयारी कुठून करायची

चवथीचे गणपती पोचवून आले की आमच्या गोव्यातल्या डिचोलीकडे सगळ्यांचं लक्ष अंगणाकडे वळतं. पावसाने वृंदावन शेवाळून काळं पडलेलं असतं आणि कार्तिक द्वादशीला तुळशीचं लग्न, म्हणजेच आमची व्हडली दिवाळी. रंगाचा हात मारण्यापेक्षा फुटक्या टाइल्सचं मोझॅक करायचं मनात असेल, तर तुकडे जमवण्याआधी वृंदावन नीट पाहून घ्या. जुन्या चुन्याच्या गिलाव्यावर लाल मातीची कावी, म्हणजे जुनी पारंपरिक नक्षी, कोरलेली असेल तर त्यावर काहीही चिकटवू नका. तसं काम करणारे हात आता थोडे उरलेत. ती कावी जपा, मोझॅक चौथऱ्यावर करा.

घरातल्या मोठ्यांनाही आधीच विचारा. माझ्या सासूबाई म्हणाल्या, ‘‘फुटकं तुळशीला?’’ मग ठरलं, उष्ट्या कपबशांचे तुकडे नकोत, बांधकामातून उरलेल्या कोऱ्या टाइल्स घ्यायच्या. मला ते पटलं.

आता खरं काम, पाण्याचं. बाहेरून पाऊस लागतोच, पण वृंदावन ही मुळात ओल्या मातीची कुंडी आहे. रोज घातलेलं पाणी चिऱ्यातून, म्हणजे जांभ्या दगडातून, झिरपत बाहेरच्या तोंडावर येतं, मागून गिलावा ढिला करतं आणि तुकडे पापुद्र्यासारखे सुटतात. पहिल्या वर्षी आमची उत्तरेची बाजू अशीच गेली. हात लावला तर कमळाची अख्खी पाकळी तळहातावर आली, पाठीला जुन्या चुन्याचा पांढरा थर घेऊन. म्हणून तुळस माती सकट कुंडीत काढून ठेवा, आतून सिमेंटच्या वॉटरप्रूफिंगचे दोन हात द्या, तळाला पाणी जायला भोक ठेवा. त्याहून सोपं म्हणजे तुळस कुंडीतच राहू द्या आणि कुंडी वृंदावनात बसवा.

बाहेरचा चुना, रंग, शेवाळ तारेच्या ब्रशने पूर्ण खरवडा. रंगावर लावलेला तुकडा रंगालाच धरतो, भिंतीला नाही. बोटाने टकटक करा, पोकळ आवाज आला तिथला गिलावा पाडून नवा करा. नव्या गिलाव्याला सुकून पक्का व्हायला 28 दिवस द्यायचे असतात, तेव्हा गवंड्याला लग्नाच्या दीड महिना आधीच सांगून ठेवा. वाळू नदीची, धुतलेली. किनाऱ्यावरची आणली तर तिच्यातलं मीठ वर येऊन पांढरी पूड सुटते. शिंपल्या लावायच्या असतील तर रिकाम्याच वेचा आणि दोनतीन दिवस पाणी बदलत गोड्या पाण्यात ठेवा.

तुकड्यांचा हिशेब सोपा आहे. एक बाजू 45 बाय 60 सेंटिमीटर धरली तर चारही मिळून जवळजवळ 1.1 चौरस मीटर होतात, म्हणजे 30 बाय 30च्या 12 टाइल्स. कापताना वाया जाणाऱ्या धरून 14 ठेवा. टाइल्स गोणपाटात गुंडाळून हातोडीने फोडा, नेमका आकार हवा तिथे टाइल निपर, म्हणजे टाइल तोडायची पक्कड, वापरा. डोळ्यांना गॉगल लागतोच, पोरांना तिथून लांब ठेवा. कंपनीच्या सरळ कडा वेगळ्या काढा, कोपऱ्यांवर त्याच लावा, म्हणजे येताजाता लुगड्याचा काठ अडकत नाही, हात कापत नाही.

चिकटवायला लाकडाचा पांढरा गोंद चालत नाही, पाण्याने मऊ पडतो. बाहेरच्या कामाचं पॉलिमर मिसळलेलं टाइल अ‍ॅडेसिव्ह आणा. विट्रिफाइड टाइल पाणी जवळजवळ शोषत नाही, तिला साधं सिमेंट धरत नाही. काचेचे तुकडे असतील तर अ‍ॅडेसिव्ह पांढरं हवं, करडं मागून दिसतं. सिमेंटने हात फाटतात, रबरी मोजे घाला.

नक्षी मापाच्या कागदावर काढून त्यावर तुकडे कोरडेच मांडून पाहा. कमळ, वेल, पणतीची ज्योत, कावीतलेच आकार इथे सगळ्यात शोभतात. दोन तुकड्यांत 2 ते 3 मिलिमीटर दर्ज सोडा.

या दर्जा भरायला जो लेप लागतो, त्या ग्राउटचा रंग मात्र दुकानात घाईने घेऊ नका. पांढरं घेतलं तर हळदकुंकू आणि पणतीचं तेल पहिल्याच संध्याकाळी त्यात मुरतं. मी विटकरी घेते, चिऱ्याशी जुळतं आणि कुंकवाचा डाग दिसत नाही. तुकडे लावल्यावर 24 तास थांबून ग्राउट भरा, दहापंधरा मिनिटांनी ओल्या स्पंजाने पुसा, नाहीतर तुकड्यांवर धूसर पापुद्रा राहतो. पुढचे तीन दिवस पाण्याचा हलका फवारा मारा आणि वर ताडपत्री बांधा, परतीचा पाऊस सांगून येत नाही.

आठवड्याने तुळस परत बसवा. उरलेले तुकडे आणि मूठभर कोरडं ग्राउट घट्ट झाकणाच्या डब्यात घालून ठेवा, पुढच्या पावसानंतर एखादा तुकडा सुटला तर लागेल.