सगळंच पित्त नसतं: जठराच्या अस्तराची सूज कशी ओळखावी, कशी आवरावी

छातीखाली जळजळलं, आंबट ढेकर आले, मळमळलं की आपल्याकडे एकच शब्द: पित्त. शब्द सोयीचा, पण त्यात वेगवेगळे आजार कोंबलेले असतात. जळजळ घशाकडे चढत असेल आणि आडवं झाल्यावर वाढत असेल, तर बहुतेकदा आम्ल अन्ननलिकेत वर येतंय. बेंबीच्या वर, बरगड्या मिळतात त्याच्या खाली दुखतं, चार घासांत पोट भरतं, मळमळ हटत नाही, तेव्हा जठराच्या अस्तराला सूज असू शकते. या तक्रारी असूनही दुर्बिणीत अस्तर स्वच्छ दिसतं, असंही पुष्कळांचं होतं. म्हणून नुसत्या लक्षणांवरून शिक्का मारू नये.

आम्ल जठरात रोजच असतं. अस्तरावर चिकट बुळबुळीत थर असतो, म्हणून ते आतून भाजत नाही. थर विरळ झाला की तेच आम्ल लागतं. मग थर कशाने गेला, हे शोधायचं.

कोकणात पहिला संशय मालवणी मसाल्यावर घेतला जातो. तो गोळ्यांवर घ्यायला हवा. भातलावणीच्या दिवसांत वाकून वाकून कंबर धरते, मेडिकलमधून डायक्लोफिनॅक किंवा आयबुप्रोफेन येतं, आणि सकाळी कोऱ्या चहाबरोबर एक गोळी पोटात जाते. अस्तराचा थर टिकवणारी रसायनं शरीरात तयार होतात, त्यांनाच ही औषधं अडवतात. हे काम रक्तातून होतं. त्यामुळे ‘खाऊन घेतली होती’ म्हणून धोका टळत नाही, आणि इंजेक्शन घेतलं तरीही टळत नाही. कंबरेसाठी पॅरासिटामॉल 500 ची एक, फार तर दोन गोळ्या घ्याव्यात. दोन वेळांत सहा तासांचं अंतर, आणि दिवसात सहा गोळ्यांच्या वर नाही. रोज दारू घेणाऱ्याने किंवा यकृताचा आजार असलेल्याने आधी विचारावं. हृदयासाठी लिहून दिलेली अ‍ॅस्पिरिन मात्र स्वतःच्या मनाने बंद करू नये.

याच दिवसांत ताप, अंगदुखी, पोटऱ्या दुखणं, डोळे लाल होणं असं काही असेल तर डायक्लोफिनॅक, आयबुप्रोफेनसारखी गोळी नकोच. तो लेप्टो (उंदराच्या मूत्राने दूषित पाण्यातून होणारा ताप) असू शकतो आणि त्यात मूत्रपिंडावर आधीच ताण असतो. थेट आरोग्य केंद्र गाठावं.

लेप्टो टाळण्यासाठी मिळणारी डॉक्सिसायक्लिन नीट घेतली नाही तर तीही जाळते. जेवणानंतर, पेलाभर पाण्याबरोबर, बसून किंवा उभ्याने घ्यावी आणि अर्धा तास तरी आडवं होऊ नये. कोरडी गिळून लगेच झोपलं तर ती अन्ननलिकेत चिकटून जखम करते. पित्ताचं पातळ औषध किंवा लोहाची गोळी तिच्याबरोबर घेऊ नये. तिचा उपयोग कमी होतो, दोन-तीन तासांचं अंतर हवं.

दुसरं मोठं कारण म्हणजे हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जंतू. 1982 मध्ये ऑस्ट्रेलियात बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरेन यांनी तो शोधला, 2005 मध्ये त्यासाठी नोबेल मिळालं. जंतू सापडेपर्यंत तणाव आणि तिखट यांनाच दोष दिला जायचा. हा जंतू बहुधा लहानपणीच शिरतो आणि वर्षानुवर्षं अस्तरात राहतो. शौचाची किंवा श्वासाची तपासणी, नाहीतर दुर्बिणीतून घेतलेला तुकडा, यांतून तो कळतो. तपासणीआधी आम्ल कमी करणाऱ्या पँटोप्राझोलसारख्या गोळ्या दोन आठवडे आणि प्रतिजैविकं चार आठवडे बंद हवीत, नाहीतर असूनही ‘नाही’ येतं. उपचार साधारण 14 दिवसांचा, दोन-तीन प्रतिजैविकांचा. पाचव्या दिवशी बरं वाटलं म्हणून सोडला तर जंतू निर्ढावतो. उपचार संपल्यावर चार आठवड्यांनी पुन्हा तपासावं. त्यासाठी रक्ताची तपासणी कामाची नाही, जंतू गेल्यावरही ती होकार देत राहते.

दारू आणि तंबाखू वेगळं सांगायला नको. मिश्रीकडे मात्र कुणी तंबाखू म्हणून बघत नाही. उठल्याउठल्या, उपाशीपोटी लावायची आणि थुंकी थोडीफार गिळायची. पोटाचं दुखणं असलेल्या घरात आजींना हे विचारावंच लागतं.

खाण्याने सूज बरी होत नाही, त्रास कमी होतो. दोन आठवडे उकड्या तांदळाची पेज (वाटीभर तांदळाला सहा-सात वाट्या पाणी), मऊ भात, मुगाचं वरण, मुडदुशी किंवा सौंदाळ्याचं कमी तिखटाचं सार. पेजेबरोबरचं लोणचं आणि सुकट तेवढी बाजूला. सोलकढी पित्तावर उतारा मानतात, पण कोकम मुळात आंबट. जिला सोसते तिने प्यावी, जिला जळजळतं तिने त्रास कमी होईपर्यंत थांबावं. पुढे एकेक पदार्थ तीन-तीन दिवसांच्या अंतराने सुरू करावा, म्हणजे कोणता लागतो ते कळतं. दुधाने घटकाभर बरं वाटतं, नंतर आम्ल वाढतं. खायच्या सोड्यात सोडियम फार, रक्तदाबवाल्यांनी तो टाळावा.

पँटोप्राझोल 40 लिहून दिली असेल तर नाश्त्याच्या अर्धा ते एक तास आधी घ्यावी. खाण्याने आम्लाचे पंप चालू होतात, आणि गोळी चालू पंपच बंद करते. पूर्ण गुण यायला तीनेक दिवस लागतात, तेव्हा एका गोळीवरून निकाल देऊ नये. महिनोन्‌महिने घेतलेली गोळी एकदम तोडली तर आम्ल काही दिवस उसळतं. ती कमी कशी करायची, ते डॉक्टरांना विचारावं.

डांबरासारखी काळी, चिकट शौच, रक्ताची किंवा कॉफीच्या चोथ्यासारखी उलटी, घास अडकणं, वजन उतरणं, पन्नाशीनंतर नव्याने सुरू झालेला त्रास, यांत थांबू नये. लोहाच्या गोळ्यांनीही शौच काळी होते, पण ती सहसा चिकट नसते. घाम फुटून छाती दाबली जात असेल आणि कळ जबड्याकडे किंवा डाव्या हाताकडे जात असेल तर ‘गॅस’ समजून सोडा पाजत बसू नये, 108 ला फोन करावा.

दुर्बिणीसाठी रत्नागिरी, कुडाळ किंवा गोव्यात बांबोळीला जाताना आदल्या रात्री लवकर आणि हलकं जेवावं, नंतर सांगितलेल्या वेळेपर्यंत उपाशी राहावं. घेत असलेल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं पिशवीत घालावीत, मेडिकलमधून सुट्या आणलेल्या कंबरदुखीच्या गोळ्यांसकट.