मिग-21 च्या कॉकपिटचा आवाज: गणपतीच्या देखाव्यासाठी ट्रॅक कसा बनवायचा

26 सप्टेंबर 2025 ला चंदीगडमध्ये मिग-21 ला निरोप दिला गेला, आणि तेव्हापासून बेळगाव-खानापूरकडच्या मंडळांची पोरं मला विचारायला लागली आहेत. काका, यंदा मिगचा देखावा करतोय, प्लायवुडचं कॉकपिट उभं राहिलंय, आवाज कुठला लावायचा? बहुतेकांनी मोबाईलवर विमान झेपावतानाची क्लिप शोधून ठेवलेली असते. ती क्लिप रनवेच्या कडेला उभ्या असलेल्या माणसाची. आत बसलेल्याच्या कानात जे असतं ते फार वेगळं.

मी हवाई दलात रेडिओचा टेक्निशियन. भरतीनंतरचं ट्रेनिंग आपल्याच सांबऱ्यात झालं, पुढची नोकरी मिगच्या लाईनवर. हेडफोन लावून त्या सीटवर बसायचं, आणि सॉर्टीवरून, म्हणजे उड्डाणाच्या फेरीवरून, उतरलेल्या पायलटनं फॉर्म 700 या विमानाच्या नोंदवहीत लिहिलेली आवाजाची तक्रार हुडकून काढायची, हे माझं रोजचं काम होतं. म्हणून सांगतो ते नीट ऐका.

आधी विमान आणि काळ ठरवा. आपल्या हवाई दलात व्हॅम्पायर हे जेट 1948 मध्ये आलं, हंटर आणि नॅट पन्नाशीच्या दशकात, मिग-21 हे 1963 मध्ये. 1965 चा देखावा असेल तर नॅट किंवा हंटर घ्या. 1971 चा असेल तर मिग शोभतो. एक गोष्ट मात्र सगळ्यांना लागू: बाईच्या आवाजात ‘वॉर्निंग, वॉर्निंग’ लावू नका. ती मिग-29 सारख्या पुढच्या विमानांतली सोय. जुन्या मिगमध्ये लाल दिवा लागतो, फार तर बझर वाजतो.

आता आवाज तसा का असतो ते बघा. मिग-21 हवा घेतो नाकातून. ती वाट कॉकपिटपाशी दुभंगते आणि पायलटच्या डाव्या-उजव्या अंगानं मागे इंजिनाकडे जाते. म्हणजे इंजिन पाठीमागे लांब, आणि दोन्ही कुशींना नुसती वाहती हवा. त्यात कॉकपिटमध्ये येणारी थंड-गरम हवाही इंजिनाच्या कॉम्प्रेसरवरूनच घेतलेली, तिचा सूं सूं आवाज थ्रॉटलबरोबर वरखाली होतो. वर कॅनोपी, म्हणजे काचेचं झाकण, बंद, तिच्या सीलमध्ये हवा भरलेली, डोक्यावर हेल्मेट, कानावर घट्ट हेडफोन. इतक्या थरांतून गर्जनेचा उरतो तो घुमारा, आणि तोही कानापेक्षा सीटमधून, पाठीच्या कण्यातून कळतो.

म्हणून ट्रॅकची सुरुवात श्वासापासून करा. पायलटच्या तोंडावरच्या ऑक्सिजन मास्कमध्येच माइक असतो, त्यामुळे त्याला स्वतःचा श्वास सतत ऐकू येतो. मेडिकलमधून नेब्युलायझरचा मास्क आणा, तोंडाला लावा, मोबाईल मास्कच्या भोकाशी धरून रेकॉर्ड करा. श्वास आत घेताना व्हॉल्व्हचा बारीक ‘टिक्’ येतो, सोडताना हवा फडफडून बाहेर जाते. ती टिक् मास्कवर नखानं वाजवून वेगळी रेकॉर्ड करा आणि प्रत्येक आत घेतलेल्या श्वासाच्या तोंडाशी ठेवा. सरळ उड्डाणात श्वास संथ. तीव्र वळणात मात्र पद्धत बदलते: पाय, पोट आवळून श्वास कोंडायचा, साधारण तीन सेकंदांनी झटक्यात ‘हिक्’ करून सोडायचा-घ्यायचा, परत कोंडायचा. रक्त डोक्यातून उतरू नये म्हणून हे करावं लागतं. त्याच वेळी पाय-पोट आवळणाऱ्या जी-सूट या पोशाखात हवा भरल्याची ‘फुस्स’ येते. हे एवढं जमलं तरी बघणाऱ्याचा स्वतःचा श्वास अडकतो, मग बाकी काही कमी पडलं तरी चालेल.

दुसरा थर विजेचा. घरची वीज 50 हर्ट्झची, विमानातली एसी वीज 400 ची. इंजिन सुरू व्हायच्या आधीच बॅटरीवर एसी वीज बनवणारा कन्व्हर्टर आणि दिशा दाखवणाऱ्या यंत्रांतले जायरो फिरायला लागतात आणि ती बारीक गुणगुण हेडफोनमध्ये उतरते. ऑडॅसिटी हे सॉफ्टवेअर फुकट मिळतं. त्यात 400 हर्ट्झचा टोन तयार करा, वर 800 आणि 1200 चे आणखी मंद टोन चढवा. बरोबर झालंय का हे तपासायला भजनी मंडळाची पेटी घ्या: मधल्या सप्तकातली पांढरी पाच दाबा, आपला टोन तिच्या अगदी किंचित वर लागला पाहिजे. आवाज इतका बारीक ठेवा की बंद झाल्यावरच तो होता हे कळावं.

हवेसाठी ऑडॅसिटीतला पिंक नॉइज, म्हणजे एकसारखा खळखळाट, पुरतो. टेक-ऑफला वाढवा, उंचीवर थोडा उतरवा. ध्वनीच्या वेगापुढे जातानाचा ‘धडाम्’ आत घालू नका. तो खालच्या गावाला ऐकू येतो, पायलटला नाही. त्याला फक्त घड्याळांचे काटे उडी मारताना दिसतात. रीहीट, म्हणजे इंजिनाच्या मागच्या टोकाला जादा इंधन जाळून मिळणारा जोर, लावल्यावरही आत स्फोट होत नाही, पाठीत ढकलल्यासारखं होतं. तिथं घुमारा एका झटक्यात चढवा आणि सीटखालची फळी हलवा.

ब्रेकसाठी कुठं जायचं? मध्यवर्ती बसस्थानकावर. मिग-21 चे चाकांचे ब्रेक हवेवर चालतात, स्टिकवरची, म्हणजे पायलटच्या हातातल्या दांड्यावरची, पट्टी दाबली-सोडली की हवा फुसफुसते. आपल्या बसगाड्यांचे ब्रेकही हवेचेच. ड्रायव्हरला सांगून, गाडी उभी असताना जवळून रेकॉर्ड करा, आणि तो आवाज जरा आखूड, जरा बारीक करून विमान जमिनीवर चालवतानाच्या (टॅक्सी करतानाच्या) प्रसंगात दोन-तीनदा टाका. जो कोणी मिगवर राहिलाय तो तेवढ्यावरून मान डोलावेल.

गनबद्दल सगळ्यांचा गैरसमज असतो. मिग-21 बिस या पुढच्या प्रकाराची जीएसएच-23 ही दोन नळ्यांची गन मिनिटाला 3000 च्या वर गोळ्या झाडते, म्हणजे सेकंदाला 50 हून जास्त. कान त्या मोजू शकत नाही. आत येतो तो जाड मांजरपाट टर्रकन फाडल्यासारखा आवाज आणि पायाखालचा थरकाप. गोळ्या जेमतेम 200, त्यामुळे कुणी बोट दाबून धरत नाही. अर्ध्या सेकंदाचा तुकडा, मग थांबा, फार तर आणखी एक. के-13 क्षेपणास्त्र दाखवायचं असेल तर हेडफोनमध्ये मंद गुरगुर ठेवा. पुढच्या विमानाच्या इंजिनाची उष्णता सापडली की ती गुरगुर चढते आणि स्थिर होते. मला स्वतःला देखाव्यासाठी गनपेक्षा ही गुरगुर जास्त आवडते, कारण लहान पोरालासुद्धा न सांगता कळतं की काहीतरी सापडलं.

आता आर.टी., म्हणजे रेडिओवरचं बोलणं. आवाज 300 ते 3000 हर्ट्झच्या मधलाच ठेवा, वरचं-खालचं फिल्टरनं कापा, वाक्य संपलं की ‘ख्श्’. दोघे एकदम बोलले तर ‘कुईं’ अशी शीळ येते, कारण विमानांचा रेडिओ एएमवर, जुन्या मीडियम वेव्हच्या पद्धतीनं, चालतो. ही शीळ एकदा वापरा, खरेपणा येतो. पायलटचं बोलणं मास्कमधून दबलेलं हवं, पण त्याच्या स्वतःच्या कानात ते सगळ्यात जवळ वाजतं. संवाद लिहिताना हात आखडता घ्या. ‘क्लिअर फॉर टेक-ऑफ’, ‘गियर अप’, ‘कॉन्टॅक्ट’, एवढंच. लढाईच्या भर गर्दीत कोणी लांबलचक भाषण करत नाही. देशभक्ती दाखवायला ते आवळलेलं ‘हिक्’ पुरेसं आहे, त्यावर माझा पूर्ण विश्वास आहे.

रेकॉर्डिंगसाठी सांबऱ्याच्या कुंपणाशी मोबाईल घेऊन जाऊ नका. तो तळ चालू आहे आणि तिथं चित्रण-ध्वनिमुद्रण चालत नाही. खरं विमान डोळ्यांनी बघायचं असेल तर बेंगळुरूला जा. एचएएल या विमान बनवणाऱ्या सरकारी कंपनीच्या संग्रहालयात मरुत ठेवलंय, ते मिग नव्हे, आपलं देशी लढाऊ जेट; विश्वेश्वरय्या संग्रहालयाच्या आवारातही एक आहे. कॉकपिट किती अरुंद असतं ते बघितलं की आवाजही अंगाशी ठेवायचा हे समजतं.

मिसळताना श्वास उणे 12 डेसिबलवर, हवा उणे 20, गुणगुण उणे 30, आर.टी. सगळ्यांच्या वर. घुमारा वेगळ्या ट्रॅकवर काढून वूफरला द्या, आणि वूफर माणसांच्या रांगेखालच्या लाकडी फळ्यांखाली ठेवा, म्हणजे तो तळपायातून जाईल. बाकीच्यासाठी कॉकपिटच्या दोन्ही अंगांना छोटे स्पीकर. भोंगा वापरू नका, त्यात श्वास मरतो. सगळा ट्रॅक तीन मिनिटांच्या आत ठेवा, रांग पुढं सरकली पाहिजे. मराठी आणि कन्नड निवेदन ट्रॅकच्या आधी उरकून घ्या, ते आर.टी.वर चढलं की दोन्ही कळत नाहीत.