मेक्सिकोचा मृतांचा सण बेळगावच्या हॉटेलात: चाळीस पानांची तयारी

आधी तारीख ठरवा. मेक्सिकोत 'दिया दे लोस मुएर्तोस' १ आणि २ नोव्हेंबरला असतो. पहिला दिवस गेलेल्या लहान मुलांचा, दुसरा मोठ्यांचा. बेळगावात १ नोव्हेंबर घेऊ नका. एकीकडे कर्नाटक राज्योत्सवाच्या मिरवणुका, दुसरीकडे सीमाभागातल्या मराठी लोकांचा काळा दिन, त्यात बंदोबस्त आणि अडवलेले रस्ते. निम्मे पाहुणे चन्नम्मा सर्कलच्या अलीकडेच अडकतील. २ तारीख सुटसुटीत. सोमवार किंवा गुरुवार आला तर चिकन खाणारे किती, हे आधी विचारून घ्या. निमंत्रण फोनवरून द्या, बाहेर बॅनर नकोच.

हा हॅलोविन नव्हे. भुतांचे मुखवटे, रुंद टोप्या, खोट्या मिशा यातलं काही आणू नका. गेलेल्यांना वर्षातून एकदा बोलावून त्यांच्या आवडीचं वाढायचं, एवढाच मूळ भाव. पितृपक्ष पाळणाऱ्या घराला तो समजावून सांगावा लागत नाही. फरक वातावरणाचा: तिथे गाणी असतात, थट्टा असते, साखरेच्या कवट्यांवर जिवंत माणसांची नावंसुद्धा घालतात.

सगळी संध्याकाळ 'ओफ्रेंदा' म्हणजे मांडणीभोवती फिरते. सहा फुटी टेबल, त्यावर मागच्या बाजूला कोल्ड्रिंकचे क्रेट दोन उंचींवर रचून तीन पायऱ्या करा आणि पांढऱ्या चादरीने झाका. वरच्या पायरीवर फोटो, मधल्यावर खाणं, खाली पाण्याचा पेला, मिठाची वाटी, दिवे. पाणी लांबून आलेल्याची तहान भागवायला. फोटो चार दिवस आधी मागवा आणि मागे पेन्सिलीने नाव लिहा, नाहीतर रात्री अदलाबदल ठरलेली. फोटोत एकही जिवंत माणूस नको. हा संकेत तिकडेही पाळतात. लग्नाचा ग्रुप फोटो आला तर कापू नका, परत द्या. देवाच्या तसबिरी या मांडणीत मिसळू नका. ज्यांना घरचा फोटो हॉटेलात ठेवणं रुचत नाही, त्यांच्याकडून चिठ्ठीवर फक्त नाव घ्या. आग्रह करू नका. मधल्या पायरीवर त्या माणसाच्या आवडीचं ठेवायचं असतं, म्हणून तिथे कुंदा, मांडे, चिवडा, विडा, सगळं शोभतं.

झेंडू मूळचा मेक्सिकोचाच, तिकडे त्याला सेंपासुचिल म्हणतात. सहा किलो सुटी फुलं आणि दहा माळा पुरतात. दिवाळी जवळ असेल तर भाव चढतो, म्हणून फुलवाल्याला आठवडाभर आधी सांगून ठेवा. दारापासून मांडणीपर्यंत पाकळ्यांची वाट करतात, पण टाइल्सवर ओली पाकळी घसरते. वाट भिंतीच्या कडेने, फूटभर रुंदीचीच करा, वेटरच्या येण्याजाण्यात नको. पतंगाच्या कागदाची घडी घालून कातरलेली तोरणं (पापेल पिकादो) मांडणीच्या वर लावा. खरा धोका इथे आहे: पंखा लागला की तोरण दिव्यावर येतं. तोरण आणि ज्योत यांत तीन फुटांचं अंतर ठेवा, दिवे काचेच्या पेल्यात ठेवा आणि त्या कोपऱ्यातला पंखा बंद करा. कोपाल धूपाऐवजी राळ चालते, मात्र पाहुणे यायच्या आधी पाच मिनिटंच. जेवताना धूर नकोसा होतो.

जेवणात तामालेस ठेवा. तामाल म्हणजे मक्याच्या पिठात सारण भरून, पानात बांधून वाफवलेला नग. आदल्या रात्री भरून ठेवता येतात आणि इडलीच्या मोठ्या भांड्यात वाफवता येतात. चाळीस जणांना दोन-दोन म्हणजे ८० नग. त्यासाठी दोन किलो वाळलेला मका, सहा लिटर पाणी आणि पानपट्टीचा साधा ओला चुना ५० ग्रॅम. भिंतीचा चुना अजिबात नको. मका अर्धा-पाऊण तास मंद उकळा, सालं बोटाने सुटू लागली की झाकून रात्रभर ठेवा. सकाळी चोळून सालं काढा, चार पाण्यांनी धुवा आणि इडलीच्या ग्राइंडरला जेमतेम पाणी घालून वाटा. ही पायरी गाळून बाजारातलं मक्याचं पीठ वापरलं तर गोळा एकजीव होत नाही आणि तामाल भगराळ होतो. चुन्याने साल सैल होतं आणि पिठाला चिकटपणा येतो.

वाटलेल्या एक किलो पिठाला २०० ग्रॅम वनस्पती तूप आधी एकटंच फेसा, मग पीठ, पाव लिटर कोमट भाजीचं पाणी, मीठ, चमचाभर बेकिंग पावडर. चिमूटभर पीठ गार पाण्यात टाका. तरंगलं तर झालं, बुडलं तर अजून फेसा. केळीचं पान आचेवर फिरवून मऊ करा, नाहीतर दुमडताना फाटतं. दक्षिण मेक्सिकोत, वाहाका राज्याच्या बाजूला तामाल केळीच्या पानातच बांधतात. प्रत्येकात ६० ग्रॅम पीठ, मध्ये चमचाभर सारण. तासभर वाफवा. भांड्याच्या तळाशी एक नाणं टाका: खडखडतंय तोवर पाणी आहे, गप्प झालं की उकळतं पाणी घाला. गार पाणी घातलं तर वाफ मरते आणि तामाल गच्च होतात. पान स्वच्छ सुटलं की उतरवा आणि पंधरा मिनिटं थांबा. लगेच उघडलं तर आतलं ओलसर दिसतं आणि लोकांना कच्चं वाटतं.

सारणाला आणि वरून घालायला मोले, म्हणजे मिरच्या, तीळ आणि चॉकलेटचा दाट रस्सा. रंगासाठी ब्याडगी २०० ग्रॅम, तिखटासाठी संकेश्वरी फक्त आठ-दहा. तीळ १५० ग्रॅम, शेंगदाणे २००, कांदे अर्धा किलो, टोमॅटो दीड किलो, लसूण, दालचिनी, लवंगा, शेवटी कडू चॉकलेट १५० ग्रॅम आणि थोडा गूळ. मिरची बी काढून मंद तव्यावर फुगेपर्यंतच भाजा. काळी पडली तर अख्खं पातेलं कडू होतं आणि गुळाने ते झाकत नाही. मोले दोन दिवस आधी केला तर मुरतो. एका पातेल्यात शिजवलेलं चिकन, दुसऱ्यात बटाटा आणि फ्लॉवर. पळ्या वेगळ्या ठेवा.

पान दे मुएर्तो, म्हणजे या सणाचा गोड पाव, जवळच्या बेकरीत सांगा: गोड बनचं पीठ, त्यात संत्र्याच्या सालीचा कीस आणि बडीशेप, वर हाडांसारख्या पट्ट्या, भाजल्यावर तूप आणि साखर. अंडं घालणार का, हे आधीच विचारा. प्यायला कोकम सरबत पुरे. हॉटेलला दारूचा परवाना नसेल तर टकीलाचा विषयच काढू नका.

मांडणी चारला उरका, पाहुणे सातला. तामाल आणि मोलेचा छोटाच नग मांडणीवर ठेवा, कारण रात्री तो टाकावा लागतो. बन आणि कुंदा मात्र शेवटी सगळ्यांत वाटायचा. दिवे विझवल्यावर आधी फोटो उतरवा, नावं वाचून ज्याच्या त्याच्या हातात द्या, मग चादरीला हात लावा.