चित्राच्या मागच्या बाजूला काय लिहायचं (आणि चित्रकाराची बाकीची बिनरंगाची कामं)

मागच्या महिन्यात एका काकूंचा फोन आला. चौदा वर्षांपूर्वी एका ग्रुप शोमधे त्यांनी माझं वॉटरकलर घेतलं होतं, घर बदलताना काच फुटली, फ्रेमवाल्याने विचारलं कुणाचं आहे हो हे, आणि काकूंना सांगताच येईना, कारण माझी सही म्हणजे तेव्हा मुंगी शाईत बुडून चालत गेल्यासारखी असायची आणि चित्राच्या मागे कोरा कागद. कपाटात शोचं जुनं आमंत्रणाचं कार्ड सापडलं म्हणून नंबर तरी मिळाला. मग त्यांनी विचारलं, हा घाट कुठला? आणि गंमत म्हणजे मलाच आठवेना. वाईचा ढोल्या गणपतीजवळचा की मेणवलीचा? चित्र मीच काढलेलं, आणि मीच गप्प.

तर कॉलेजात चित्राची पुढची बाजू शिकवतात, मागची कुणी शिकवत नाही. हे सगळं मी आपटून आपटून शिकलोय, म्हणून लिहितोय, ज्यांना चित्रावर (किंवा निदान अर्धं तरी चित्रावर) जगायचंय त्यांच्यासाठी.

पहिलं काम, चित्र वाळलं की उलटं करा. कागद असेल तर टूबी पेन्सिल घ्या, कडेला हलक्या हाताने लिहा: पूर्ण नाव, वाचता येईल असं, चित्राचं नाव, ठिकाण, वर्ष, माध्यम, कागद कुठला, साइझ (आधी उंची मग रुंदी, हे एकदा ठरवून टाका नाहीतर उभ्या चित्राला आडवी फ्रेम बनून येते) आणि अनुक्रमांक. माझा साधाय, २०२५/१७ म्हणजे २०२५ मधलं सतरावं. बॉलपेन नको, त्याचा दाब पुढून दिसतो, मार्कर तर अजिबात नको, शाई आरपार येते. कॅनव्हास असेल तर मागच्या कापडावर लिहू नका, लाकडी स्ट्रेचरवर (ज्या चौकटीवर कॅनव्हास ताणतात त्यावर) लिहा किंवा कडेला दुमडलेल्या भागावर.

मग तोच नंबर वहीत. मी आडवी जाड वही वापरतो, किराणा दुकानदाराची उधारीची असते ना तसली, वरून एक गूगल शीटपण आहे पण खरं सांगायचं तर वहीच भरली जाते. सगळ्यात महत्त्वाचा कॉलम "आत्ता कुठे आहे". घरी, गॅलरीत, फ्रेमवाल्याकडे, मेव्हण्याच्या हॉलमधे (हे परत येत नाही, पण लिहा). गॅलरीला चित्रं देताना दोन प्रतीत यादी करा, नंबर, साइझ, किंमत, आणि आपल्या प्रतीवर त्यांची सही-शिक्का घ्या. लाज वाटते मान्य आहे, समोरचा माणूस चहा पाजत असतो आणि आपण सही मागायची. पण माझी तीन चित्रं एका ठिकाणी अशीच "गोडाऊनमधे शोधतो" मधे अडकली आणि अजून शोधतच आहेत.

फोटो फ्रेम करायच्या आधी काढा. काच लागल्यावर काढलात तर चित्रात तुम्ही, मोबाइल आणि मागची ट्यूबलाइट. सकाळी दहा-अकराला व्हरांड्यात किंवा गॅलरीत (घराच्या) सावलीत, थेट ऊन नको. चित्र भिंतीला सपाट लावा, थोडं लांब उभं राहून दुप्पट झूम करा म्हणजे कडा फुगत नाहीत, आणि शेजारी पांढऱ्या कागदाचा तुकडा ठेवा, नंतर रंग जुळवायला उपयोगी पडतो. फाइलचं नाव तोच नंबर. "फायनल_नवीन_२" असली नावं ठेवून मी दोन वर्षांचं काम गोंधळात घातलंय.

मटेरियलचं थोडं. विकायचं चित्र असेल तर ट्यूबवरचा पिगमेंट कोड (आत कुठलं रंगद्रव्य आहे त्याचा नंबर) वाचायची सवय लावा. अल्ट्रामरीनवर पीबी२९ असतं, तो टिकतो. अलिझरीन क्रिमझनवर पीआर८३ असेल तर तो उन्हात उडतो, आणि ते ऑपेरा गुलाबी, जे ट्यूबमधे बघून वेड लागतं, ते तर फारच लवकर उतरतं. मी बोगनवेलीची चार चित्रं त्यात केली आणि एका डॉक्टरांच्या वेटिंग रूममधल्या बोगनवेलीची दोन वर्षांत जुई झाली. बदलून दिलं, पर्याय नव्हता. टेस्ट सोपी आहे: कागदाच्या पट्टीवर सगळे रंग ओढा, अर्धी पट्टी काळ्या कागदाने झाका, उन्हाच्या खिडकीला तीन महिने चिकटवा. आणि आपल्याकडे पावसाळा आहे हे फ्रेमवाल्याला पण सांगा, माउंट (चित्राभोवतीची पुठ्ठ्याची पट्टी) असा हवा की रंग काचेला टेकणार नाही, आणि फ्रेमच्या मागे खालच्या दोन कोपऱ्यांना बुचाचे तुकडे, म्हणजे भिंत आणि चित्रात हवा राहते. कोकणातल्या घरात हे नाही केलं तर दुसऱ्या वर्षी आकाशात बुरशीचे ढग येतात.

आता किंमत, ज्यावर सगळे येऊन अडतात. "किती मेहनत लागली" यावर किंमत लावू नका, काही चित्रं चाळीस मिनिटांत होतात आणि तीच बरी असतात. साइझवर लावा. बहुतेक जण चौरस इंचाचा दर धरतात, समजा २५ रुपये, तर हाफ शीट १५ × २२ म्हणजे ३३० चौरस इंच, झाले ८,२५०, फ्रेम वेगळी. ठीक आहे. पण फुल शीट २२ × ३० ला हाच दर लावलात तर एकदम १६,५०० होतात आणि ७.५ × ११ च्या छोट्या चित्राचे जेमतेम २,०६०, त्यात माउंटचा खर्चही धड निघत नाही. म्हणून मी उंची अधिक रुंदी करतो आणि त्याला दर लावतो. २२५ धरला तर छोटं ४,१६० च्या आसपास, हाफ शीट ८,३२५, फुल ११,७००. लहान चित्राला न्याय मिळतो आणि मोठं चित्र बघून गिऱ्हाईक पळत नाही. दर तुमचा तुम्ही ठरवा, गणित हे ठेवा.

गॅलरी साधारण ३० ते ५० टक्के घेते. ते किमतीत आधीच धरून ठेवा, पण मग घरून विकतानाही तीच किंमत सांगा. "गॅलरीत बारा हजार, माझ्याकडे या सात हजारात देतो" हे एकदा केलंत की गॅलरीवाला पुन्हा दार उघडणार नाही, आणि ज्याने बाराला घेतलं तो तुम्हाला आयुष्यभर शिव्या घालेल. किंमत वाढवताना दर वर्षी थोडी थोडी, कमी कधीच नाही. नातेवाइकांना सवलत द्यायची तर बिलावर पूर्ण किंमत लिहून खाली सवलत म्हणून वजा करा, किंमत तीच राहते. हो, बिल द्यायचं, नंबर घातलेलं, घरच्या विक्रीला पण. कंपनीने चित्र करवून घेतलं आणि टीडीएस (पैसे देतानाच कापलेला कर) कापला तर तो आयकर खात्याकडे तुमच्या नावावर दिसतोय का बघा, नाहीतर सीएकडे मार्चमधे रडारड.

ऑर्डरच्या कामात मला सगळ्यात मोठा फटका बसला. एका बिल्डरने पाडायला काढलेल्या वाड्याची सहा चित्रं करून घेतली, पैसे वेळेवर दिले, माणूस चांगला, आणि दिवाळीत माझा वाडा मिठाईच्या बॉक्सवर. मी तणतणत ओळखीच्या वकिलाकडे गेलो तर त्याने मलाच ऐकवलं. कॉपीराइट कायदा १९५७, कलम १७: पैसे देऊन कुणी पेंटिंग किंवा पोर्ट्रेट करून घेतलं, आणि वेगळं काही ठरलेलं नसेल, तर कॉपीराइटचा पहिला मालक तो करून घेणारा. तुम्ही आधीच केलेलं चित्र कुणी विकत घेतलं तर तसं नसतं, तिथे चित्र त्याचं पण छापायचा हक्क तुमचाच राहतो. म्हणजे सगळा खेळ "वेगळं काही ठरलेलं" या तीन शब्दांत. तेव्हापासून ऑर्डर घेताना मी एक ओळ टाकतो आणि समोरच्याची सही घेतो: मूळ चित्र ग्राहकाचे, कॉपीराइट चित्रकाराकडे, छपाईसाठी वेगळी लेखी परवानगी. आजवर एकानेही कटकट केलेली नाही. छपाईचे हक्क द्यायचेच असतील तर कशासाठी, किती वर्षं, कुठे हे लिहा, कारण मुदत लिहिली नाही तर कायदा पाच वर्षं धरतो आणि जागा लिहिली नाही तर भारत. बाकी व्यवहार साधा: निम्मे पैसे आधी, कलर रफ (छोटं कच्चं रंगीत चित्र) एकदा दाखवायचं, दोन बदल फुकट, तिसऱ्याला पैसे. तिसऱ्याला पैसे म्हटलं की तिसरा बदल येतच नाही.

त्याच कायद्यात ५३ए कलम आहे, चित्र १० हजारांच्या वर पुन्हा विकलं गेलं तर मूळ चित्रकाराला (कॉपीराइटचा पहिला मालक तोच असेल तर) किंवा वारसांना त्यात वाटा मागता येतो, जास्तीत जास्त १० टक्के. कुणी मागून मिळवल्याचं माझ्या पाहण्यात नाही. चित्रकार वासुदेव गायतोंड्यांचं एक चित्र २०१३ साली मुंबईतल्या क्रिस्टीजच्या लिलावात २३.७ कोटींना गेलं, ते स्वतः २००१ मधेच गेलेले. आपली चित्रं कोटीत जाणार नाहीयेत हे मलाही कळतं, पण उद्या पोरांना काही मागायचंच झालं तर कुठलं चित्र, कधीचं, कुणाला विकलं हे त्या उधारीच्या वहीतूनच निघणार.

पोटाचं काय, हा प्रश्न मला क्लासमधल्या पोरांचे आईवडील विचारतात, पोरं नाही. तर मोठ्या चित्रकारांकडे बघा, सुधीर पटवर्धन २००५ पर्यंत ठाण्यात रेडिओलॉजिस्ट होते. भूपेन खख्खर बडोद्यात हिशेबनीस. प्रभाकर बरवे विणकर सेवा केंद्रात नोकरीला. हुसेन सिनेमाची होर्डिंगं रंगवायचे. त्यामुळे एलिमेंटरी-इंटरमिजिएटचे क्लास घेतो म्हणून खाली मान घालायचं काही कारण नाही. माझ्याकडे २२ मुलं आहेत, १,२०० फी, त्यात घर चालतं म्हणून चित्र कुणाच्या सोफ्याला मॅचिंग करावं लागत नाही. फक्त वेळेची वाटणी पक्की हवी. माझे सकाळचे सहा ते साडेआठ चित्राचे, फोन दुसऱ्या खोलीत, क्लास संध्याकाळीच. मधे एकदा सकाळची बॅच घेतली, पैसे बरे आले आणि वर्षभरात वहीत फक्त नऊ नंबर पडले.

प्रदर्शन. मुंबईच्या जहांगीर आर्ट गॅलरीत आठवड्याचा स्लॉट हवा तर वेटिंग वर्षांचं आहे, म्हणून तयारी नसली तरी फॉर्म आजच टाका, तारीख येईपर्यंत चित्रं होतील. तोवर पुण्यात बालगंधर्व कलादालन, कोल्हापुरात शाहू स्मारक, जिथे तुमची माणसं येतील तिथे करा. शिवाय बॉम्बे आर्ट सोसायटी (१८८८ पासूनची आहे), आर्ट सोसायटी ऑफ इंडिया, राज्य कला प्रदर्शन, यांची वार्षिक प्रदर्शनं असतात, तिथे एंट्री पाठवत राहा, निवड नाही झाली तरी निदान डेडलाइनला चित्र पूर्ण होतं.

शोच्या बजेटमधे सगळ्यात मोठा आकडा फ्रेमचा निघतो, भाड्याचा नाही असं माझं तरी झालंय. म्हणून सगळी चित्रं दोनच साइझमधे करा, फ्रेमा पुढच्या शोला पुन्हा वापरता येतात. मुंबईला पाठवताना काचेऐवजी अॅक्रिलिक शीट. मोठा कॅनव्हास रोल करायची वेळ आली तर रंगाची बाजू बाहेर ठेवून, आत ठेवली तर रंग चुरगळतो. जहांगीरमधलं समोवार कॅफे २०१५ ला बंद झालं, त्यामुळे दिवसभर बसायचं तर डबा न्या.

आणि लाल टिकली (चित्र विकलं गेल्याची खूण) अॅडव्हान्स हातात आल्याशिवाय लावायची नाही. पहिल्या शोला एका ओळखीच्या गृहस्थांनी "हे माझं" म्हटलं म्हणून मी लगेच लावली, तीन दिवसांत त्याच चित्राला दोघं जण विचारून टिकली बघून परत गेले, आणि शेवटच्या दिवशी गृहस्थ म्हणाले बायकोला निळा आवडत नाही. कुणी चित्रासमोर उभं राहिलं की लगेच शेजारी जाऊन समजवायला लागू नका, त्यांना बघू द्या, मागे वळून तुम्हाला शोधतील तेव्हा उठा. अभिप्राय वहीत फोन नंबरचा रकाना ठेवा. "अप्रतिम!" चं पुढे काही करता येत नाही, नंबरचं येतं.

काकूंच्या घरी मी त्या रविवारी गेलो. नवीन काच बसायची होती, चित्र टेबलावर उलटं पडलेलं. पेन्सिल काढून नाव लिहिलं, साल लिहिलं, साइझ मोजून लिहिली, जुन्या कामाला वेगळी मालिका सुरू केली आहे तिचा नंबर घातला. ठिकाणाशी थांबलो. सुलट करून बराच वेळ पायऱ्या मोजत बसलो, काकूंनी दोनदा चहा केला. शेवटी लिहिलं, मेणवली, आणि पुढे कंसात प्रश्नचिन्ह.