नऊ दिवस तेवणारा नंदादीप : तेल घालायला सोपा, सांडायला अवघड

घटस्थापनेला लावलेला दिवा दसऱ्यापर्यंत तेवता ठेवायचा म्हणजे नऊ दिवसांचे २१६ तास. तेवढ्यात घर झोपतं, कामाला जातं, पाहुणे येतात, पोरं धावतात. संध्याकाळच्या दोन-तीन तासांना समईसारखी समई नाही, पण अखंड दिव्याला तिच्या तीन गोष्टी नडतात.

पहिली, वात चोचीवर टेकलेली असते. तिचं टोक तेलाच्या पातळीपेक्षा जरा जरी खाली लोंबलं, की वातच तेल ओढून बाहेर टाकते. सकाळी समईच्या बुडाशी तेलाचं थारोळं दिसतं ते यामुळे. समई गळकी नसते. दुसरी, तेल घालताना हात ज्योतीच्या वरून न्यावा लागतो, आणि पदर किंवा बाही पेटते ती याच क्षणी. तिसरी, तेल उघडं असतं. वात लावून झाल्यावर तेलातच टाकून दिलेली काडी तासाभरात दुसरी वात होते आणि एकाच्या दोन ज्योती होतात. रात्री उंदीर तेलाच्या वासाने येतो आणि वात ओढून नेतो, कधी पेटतीच.

खाली दिलेला दिवा या तिन्हींवर उतारा आहे. लेथवाला किंवा फॅब्रिकेशनवाला गाठला तर एका दुपारचं काम.

तेल खोलीत नाही, रुंदीत साठवा

वात तेल वर चढवते, पण खाद्यतेल दाट असतं. रॉकेल वातीतून वीतभरही सहज चढतं. तिळाचं किंवा शेंगदाण्याचं तेल दोन-अडीच सेंटिमीटरनंतर दमतं. म्हणून उंच ग्लासात भरपूर तेल भरून उपयोग नाही. पातळी जराशी उतरली की ज्योत मंदावते आणि तळाशी तेल असूनही दिवा जातो.

हिशेब करून पाहा. मध्यम ज्योत तासाला साधारण ५ मिलि तेल खाते. पातळी १ सेंमी उतरेपर्यंत ज्योत नीट राहते असं धरू. ६ सेंमी व्यासाच्या ग्लासात त्या एका सेंटिमीटरात २८ मिलि तेल मावतं, म्हणजे साडेपाच तास. ११ सेंमी व्यासाच्या डब्यात त्याच एका सेंटिमीटरात ९५ मिलि, म्हणजे १९ तास. पसरट भांडं घेतलं की रात्री उठून तेल घालायची गरजच उरत नाही. शिवाय पसरट भांडं सहजी कलंडतही नाही.

बुटकं भांडं किती मोलाचं, याचा मोठा दाखला श्रीलंकेत आहे. तिथले शल्यविशारद डॉ. विजय गोडाकुंबुरा यांनी कलंडणाऱ्या रॉकेलच्या बाटली-दिव्यांनी भाजलेले रुग्ण पाहून जाड काचेचा बुटका दिवा तयार केला. पडला तरी गडगडू नये म्हणून त्याला दोन सपाट बाजू, आणि तेल सांडू नये म्हणून आट्यांचं पत्र्याचं झाकण. त्या कामाला १९९८ साली रोलेक्स पुरस्कार मिळाला. आपला दिवा खाद्यतेलाचा आहे, तरी बुटका आणि झाकणबंद ही दोन तत्त्वं तीच.

पालथ्या बाटलीतून आपोआप तेल पाझरणारे दिवे हल्ली दिसतात. कोंबड्यांच्या पाण्याच्या भांड्यासारखी ही युक्ती जुनी आणि देखणी आहे. पण बाटली ज्योतीजवळ असेल तर गडबड होते. बाटली रिकामी होत जाते तशी तिच्यात हवा साठते, आणि तापली की ती हवा फुगते. २५० मिलि हवा १० अंशांनी तापली तर सुमारे ८ मिलि तेल बाहेर ढकलते. खालच्या वाटीत तेवढी जागा नसेल तर तेल ओसंडतं. ही भानगड घरी नकोच.

सामान

- सपाट बुडाचा, कुठेही जोड नसलेला स्टीलचा उथळ डबा : आतून व्यास ११ सेंमी, खोली ३ सेंमी, घट्ट बसणारं सपाट झाकण
- पाव इंची तांब्याची नळी, २.५ सेंमी लांब (एसी-फ्रिज दुरुस्तीवाल्याकडे तुकडा मिळतो)
- ८ मिमीचा एक नट
- ६ मिमीचे तीन आखूड बोल्ट, सहा नट आणि १८ मिमी व्यासाचे तीन रुंद वायसर
- दोन्ही तोंडं उघडी असलेली सरळ काच : बाहेरून व्यास ६ सेंमी, उंची १०–१२ सेंमी, उष्णता सोसणारी बोरोसिलिकेट
- सायकलच्या चाकाची एक तार
- ३० सेंमीची काठ असलेली परात आणि कोरडी वाळू

साधी काच घेऊ नका. तापलेल्या साध्या काचेवर पाण्याचा एक थेंब पडला तरी ती तडकते, आणि नवरात्रात तर घटाच्या मातीवर रोज पाणी शिंपडायचं असतं.

जुळणी

१. झाकणाच्या बरोबर मध्यावर ७ मिमीचं भोक पाडा. स्टील कडक असतं, त्यामुळे ड्रिल हळू फिरवा आणि टोकावर तेलाचे दोन थेंब सोडा. वेगाने पाडलं तर टोक जळतं आणि भोक काही पडत नाही.

२. नळीचं एक तोंड दुरुस्तीवाल्याकडून फुलवून घ्या. त्याच्या भाषेत ‘फ्लेअर’. नळी वरून ८ मिमीच्या नटातून आणि मग झाकणाच्या भोकातून खाली सोडा. फुललेलं तोंड नटावर अडकतं आणि नट झाकणावर बसतो. डाख लागत नाही, आणि वातीचं तोंड झाकणापासून सुमारे ७ मिमी वर राहतं.

३. मध्यापासून ३६ मिमीवर, सारख्या अंतराने, बोल्टांसाठी तीन भोकं पाडा. बोल्ट खालून वर घाला. वरून आधी नट, मग रुंद वायसर, मग पुन्हा नट. काच वायसरांच्या आतल्या कडेवर टेकेल आणि वरचे नट तिला सरकू देणार नाहीत. काच आणि नट यांच्यात नखभर फट ठेवा. घट्ट बसवलेली काच तापल्यावर फुटते. काचेखाली ५ मिमीपेक्षा थोडी जास्त मोकळी जागा राहील, तीच हवेची वाट. ही वाट फुलांनी किंवा कुंकवाच्या पुडीने बुजली की ज्योत लाल होते आणि काच काळवंडते.

४. मध्यापासून ४५ मिमीवर, दोन बोल्टांच्या मधल्या जागेत, १८ मिमीचं भोक पाडा. हे तेल घालायचं तोंड. ते काचेच्या बाहेर असल्यामुळे ज्योतीकडे हात न्यावाच लागत नाही. त्यावर एखादं छोटं पत्र्याचं झाकण सैल ठेवा आणि त्याला २ मिमीचं भोक पाडा, म्हणजे आत हवा जाईल. हवा न शिरली तर आत तेल असूनही वातीला मिळत नाही.

५. सगळ्या भोकांच्या आणि नळीच्या तोंडांच्या कडा कानशीने घासून घ्या. वात नळीच्या कडांवर उसवते.

६. सायकलच्या तारेवर टोकापासून १५ आणि २५ मिमीवर कानशीने दोन खुणा करा. ही मापकाडी. वरच्या खुणेच्या पुढे तेल नको, खालच्या खुणेपर्यंत आलं की घालायचं. खालच्या खुणेलाही डब्यात दीड सेंटिमीटर तेल शिल्लक असतं, त्यामुळे तासाभराचा उशीर झाला तर ज्योत बारीक होईल, दिवा जाणार नाही.

वात आणि तेल

निम्म्या तक्रारी वातीच्या असतात. बाजारातल्या काही वातींत कृत्रिम धागा मिसळलेला असतो. एक धागा जाळून पाहा : कापूस जळाल्यावर कागदासारखा वास येतो आणि मऊ राख होते, भेसळ असेल तर धागा वितळून कडक मणी बनतो. मणी झाला तर ती वात समईतसुद्धा नको.

वात १५ सेंमी लांब हवी. कापसाचे तीन पेळू वळून एकत्र वेणी घाला. नळीतून ओढताना किंचित अडावी, पण ओढली की यावी, एवढीच जाडी. घट्ट कोंबलेली वात तेल चढू देत नाही, सैल वात रात्रीत घसरून नळीत जाते. आदल्या रात्री ती तेलात भिजत ठेवा, आणि त्याआधी उन्हात सुकवा. दमट वात तडतडते. नळीच्या वर ४ ते ५ मिमीच ठेवायची. ज्योत दोन-अडीच सेंटिमीटर उंच असली की पुरे. त्याहून मोठी ज्योत धूर करते आणि तेल खाते.

तेल तिळाचं उत्तम, शेंगदाण्याचंही चालतं. खोबरेल २४ अंशांच्या आसपास थिजतं, म्हणून एसीच्या खोलीत नको. एरंडेल फार दाट. तूप निरांजनात शोभतं. डब्यात ज्योतीपासून लांब ते गोठून बसतं. रॉकेल या दिव्यात चुकूनही घालू नका. त्याची वाफ ४० अंशांच्या आसपासच पेट घेऊ शकते आणि आपलं झाकण त्याहून जास्त तापतं. खाद्यतेलाची वाफ पेटायला २५० अंशांच्या वर जावं लागतं.

२१६ तासांना तासाला ५ मिलि म्हणजे १,०८० मिलि. दीड लिटर आणून ठेवा.

आधी एक दिवस चाचणी

घटस्थापनेच्या दिवशी नवा दिवा पहिल्यांदा लावणं हा शुद्ध आगाऊपणा. आठवडाभर आधी २४ तास लावून पाहा, पण घरात कोणी जागं असेल तेव्हाच. सुरुवातीला आणि तीन तासांनी दिवा स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर ठेवा. तीन तासांत १२ ते १५ ग्रॅम घट आली तर हिशेब जुळला. २५ ग्रॅम आली तर वात जाड आहे किंवा जास्त वर आली आहे. डब्याच्या बाजूला बोट लावून ठेवता आलं पाहिजे. चटका बसला तर काचेखालची हवा अडली आहे.

मांडणी

परातीत बोटभर वाळू पसरा आणि दिवा तिच्यात जरा रुतवून बसवा. दिव्याच्या वर किमान एक मीटर आणि बाजूंना अर्धा मीटर काहीही नको. हे वाचायला सोपं, पण घटावर रोज एक माळ चढते. पाचव्या-सहाव्या दिवशी आधीच्या माळा वाळून हलक्या होतात आणि पंख्याच्या वाऱ्याने सरकतात. फुलोराही वरच टांगलेला असतो. म्हणून दिवा माळांच्या खाली नाही, घटाच्या बाजूला. देव्हाऱ्याच्या बंद कप्प्यात तर मुळीच नाही. छत आधी काळं पडतं, मग तापतं.

हळद-कुंकू, फुलं, काडेपेटी दिव्याच्या अलीकडे ठेवा. पलीकडचं घ्यायला वाकलं की पदर आधी पोचतो.

रोजचं काम

सकाळ-संध्याकाळ मिळून दहा मिनिटं पुरतात. आधी दिव्यावरून एक निरांजन लावून बाजूला ठेवा. मुख्य दिवा चुकून शांत झाला तर याच ज्योतीने परत लावता येतो, अखंडपणाही राहतो आणि धांदलही होत नाही. मापकाडी बुडवून पातळी बघा. लांब तोंडाच्या झारीने कडेच्या भोकातून तेल सावकाश सोडा. झाकण तापलेलं असतं, त्यामुळे छोटं झाकण चिमट्यानेच उचला. मग फडक्याने काच काढा, चिमट्याने काजळी अलगद तोडा आणि वात २–३ मिमी वर ओढा. काजळी तेलात पडू देऊ नका, वाटीत घ्या. रोज दोनदा तेवढी ओढली तरी नऊ दिवसांत वात पाच सेंटिमीटरच सरते, त्यामुळे मधे बदलावी लागत नाही.

घटाला पाणी शिंपडताना दिव्याकडे पाठ करून नको. एका हाताने मातीवर आडोसा धरून शिंपडा.

ज्योत अचानक मोठी झाली तर काडी किंवा काजळी तेलात वात बनून पेटली आहे. पाणी मारायचं नाही. पाणी तापलेल्या तेलाखाली जाऊन उसळतं आणि पेटतं तेल चौफेर उडवतं. जवळ एक खोल पातेलं कायम ठेवा; ते पालथं घालून पाच मिनिटं उचलू नका. कोणाला भाजलंच तर वीस मिनिटं नळाच्या वाहत्या पाण्याखाली धरा. टूथपेस्ट, हळद काही नको.

तिसऱ्या-चौथ्या दिवशी नळीजवळचं तेल हिरवट दिसेल. तांब्यावर तेलाचा तो परिणाम आहे, दिव्याला काही होत नाही. मात्र ते तेल नंतर फोडणीला वापरू नका.

दसऱ्याला दिवा शांत करताना फुंकर मारू नका, वातीचं टोक चिमट्याने नळीत खाली ढकला. ज्योत धूर न सोडता जाते. झाकण पूर्ण थंड झाल्यावर तेल गाळून समईसाठी बाटलीत भरा, नळी चिंचेने घासा, आणि तेलकट फडकी गोळा करून कोंबून न ठेवता धुऊन उन्हात पसरा.