जुन्या गाडीचे 6 व्होल्टचे मीटर 12 व्होल्टवर कसे चालवावेत

गाडी 12 व्होल्टवर नेताना बॅटरी, चार्जिंग, स्टार्टर, हेडलाइट एवढं सगळे नीट करतात आणि डॅशबोर्डपाशी येऊन घाई करतात. मग "मध्ये एक रेझिस्टन्स टाका, झालं" हा सल्ला मिळतो. तो ऐकू नका. सत्तर वर्षं जपलेला मूळ मीटर एकदा जळला की तसा दुसरा मिळवायला वर्षं जातात.

बॅटरीची वायर काढा आणि मीटरमागच्या प्रत्येक वायरीला चिठ्ठी बांधा.

आता कशाला हात लावायचा नाही ते ठरवा. स्पीडोमीटर केबलवर चालतो, तो सोडा. ऑइल प्रेशरच्या मीटरला तांब्याची बारीक नळी येत असेल, तर तिथे विजेचा संबंधच नाही. युद्धकाळातल्या विलीज जीपमध्ये ऑइल आणि पाण्याचा मीटर दोन्ही असेच बिनविजेचे आहेत. तिथे बदलायचा तो फक्त पेट्रोलचा. अँपिअर मीटर करंट मोजतो, व्होल्ट नाही, म्हणून तोही राहू द्या. मात्र गाडी प्लस अर्थची (बॅटरीचा प्लस बॉडीला) मायनस अर्थ (मायनस बॉडीला) करत असाल तर त्याच्या दोन वायरी अदलाबदल करा, नाहीतर चार्जिंग चालू असताना काटा डिस्चार्ज दाखवेल. आणि 30 अँपिअरच्या जुन्या मीटरमधून 60 अँपिअरचा अल्टरनेटर नेऊ नका. वायर तापते आणि आग लागते.

मीटरचे बल्ब 12 व्होल्टचे घाला.

उरले विजेवरचे काटे. ते मूळ 6 व्होल्टवर चालत असतानाच, बॅटरीची वायर काढण्याआधी, ओळखून ठेवा. चावी फिरवल्यावर काटा पंधरा-वीस सेकंद घेत सावकाश चढला, तर आत तापून वाकणारी बायमेटलची (दोन धातूंची) पट्टी आहे. झटकन उडाला तर कॉइलचा मीटर. कॉइलचा मीटर थेट 12 व्होल्टवर जोडला तरी आकडा साधारण बरोबर दाखवतो, आणि म्हणूनच माणूस फसतो. दुप्पट व्होल्टला उष्णता चौपट होते, आणि कॉइल आतल्या आत भाजत राहते.

बायमेटलला रेझिस्टन्स का चालत नाही, ते आकड्यांत बघा. समजा मीटर 15 ओहमचा आहे. टाकीतला फ्लोट रिकाम्या टाकीला 70 ओहम देतो, भरलेल्या टाकीला 10. मूळ 6 व्होल्टवर भरलेल्या टाकीला 0.24 अँपिअर जातो, रिकाम्या टाकीला 0.07. आता 12 व्होल्टला भरलेल्या टाकीचा काटा बरोबर यावा म्हणून तुम्ही 25 ओहमचा रेझिस्टन्स लावला. टाकी रिकामी झाली की करंट 0.11 जातो, 0.07 नाही. म्हणजे टाकी कोरडी आणि काटा रिकाम्याच्या खुणेपासून बराच वर! करंट बदलला की रेझिस्टन्सवर पडणारे व्होल्टही बदलतात, मग कोणताही आकडा निवडा, एका टोकाला चूक राहणारच. मामांच्या 1951 च्या फोर्डला मी असाच रेझिस्टन्स लावून दिला होता. कसारा घाटात गाडी थांबली तेव्हा काटा पावावर होता, आणि गाडीत आजी होती. त्यानंतर मी एकाही मीटरला रेझिस्टन्स लावलेला नाही.

फोर्डने स्वतः 1956 मध्ये 12 व्होल्ट आणले, तेव्हा मीटरना 12 व्होल्ट दिलेच नाहीत. मागे एक छोटा रेग्युलेटर बसवून सरासरी 5 व्होल्टच दिले. तुम्हीही तेच करा.

रेग्युलेटर म्हणजे 7806, कायम 6 व्होल्ट देणारा तीन पायांचा छोटा भाग. मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात तपकीर गल्लीत सहज मिळतो. लिहिलेली बाजू तुमच्याकडे आणि पाय खाली धरले, की डावा पाय इनपुट, मधला अर्थ, उजवा 6 व्होल्ट. इनपुटला 0.33 आणि आउटपुटला 0.1 मायक्रोफॅरडचा कपॅसिटर अगदी पायांजवळ सोल्डर करा. इग्निशन स्विचवरून 1 अँपिअरच्या फ्यूजमधून इनपुट द्या, आणि विजेवरच्या मीटरांची मूळ सप्लाय वायर स्विचवरून सोडवून आउटपुटला जोडा. डॅशचे बल्ब या वायरीवर राहता कामा नयेत.

उष्णतेकडे दुर्लक्ष करू नका. चालू गाडीत 14 व्होल्ट असतात. त्यातले 8 रेग्युलेटर खातो, म्हणजे भरल्या काट्याला दर मीटरला सुमारे 2 वॅट. हीट सिंक (उष्णता ओढून घेणारी धातूची पट्टी) नसेल तर तो तापून स्वतःच बंद पडतो. काटा दहा मिनिटांनी खाली येतो आणि लोक बिचाऱ्या फ्लोटला दोष देत टाकी उतरवतात. तळहाताएवढी ॲल्युमिनियमची पट्टी घ्या, थर्मल पेस्ट लावा आणि डॅशमागे रंग खरवडून उघड्या पत्र्यावर घट्ट आवळा.

हे फक्त मायनस अर्थला. प्लस अर्थ ठेवायचा असेल तर 7906 लागतो, आणि त्याच्या पायांचा क्रम वेगळा आहे: अर्थ, इनपुट, आउटपुट. त्याची धातूची पाठ इनपुटला जोडलेली असते, अर्थला नाही. मी तो 7806 सारखाच बॉडीला आवळला आणि चावी फिरवताच फ्यूज गेला. फ्यूज नसता तर वायरिंग गेलं असतं. पाठीमागे अभ्रकाची चकती आणि बोल्टला प्लास्टिकची बुशी, दोन्ही हवेतच. माझं मत विचाराल तर गाडी या निमित्ताने मायनस अर्थच करून टाका.

मीटर जोडण्याआधी आउटपुटला मल्टिमीटर लावा. 6 व्होल्ट दिसले तरच वायरी जोडा. मग रिकाम्या टाकीत पाच-पाच लिटर मोजून ओता आणि प्रत्येक वेळी काटा स्थिर होईपर्यंत थांबा. शेवटी अर्धा तास गाडी चालवून पुन्हा व्होल्ट मोजा. अजून 6 असतील तर डॅश बंद करायला हरकत नाही.