लॅबमध्ये निघालेल्या पुणेकरांसाठी

दर जूनमध्ये मी कोथरूडला घरी आलो, की आर्किटेक्चर किंवा प्लॅनिंग (शहरनियोजन) करून ऑगस्टमध्ये अमेरिकेला निघालेली दोन-चार मुलं भेटायला येतात. कुकर कुठला न्यायचा, गोडा मसाला किती न्यायचा, हे पहिले प्रश्न. ते आईला विचारा. मला लॅबबद्दल सांगायचंय, कारण तिथे माझं अख्खं वर्ष वाया गेलं आणि नंतर तीच चूक आणखी तिघांनी केली.

आपल्या विषयात लॅब म्हणजे एक प्राध्यापक, त्यांना संशोधनासाठी मिळालेला पैसा म्हणजे ग्रँट आणि तिच्यावर काम करणारी पाच-सहा माणसं. कॅलिफोर्नियातल्या बर्कली विद्यापीठात 1997 पासून चालू असलेल्या सेंटर फॉर द बिल्ट एन्व्हायर्नमेंटसारख्या, इमारतींचा अभ्यास करणाऱ्या ठिकाणी हवं ते तापमान राखणारी खोली असते, माणसासारखे तापणारे पुतळे असतात. प्लॅनिंगच्या बऱ्याच लॅबमध्ये मात्र फक्त संगणक आणि जीआयएस, म्हणजे नकाशावर माहिती मांडायचं सॉफ्टवेअर. म्हणून नुसतं विद्यापीठाचं नाव बघू नका. ग्रँट कशावर आहे, किती दिवस पुरणार आहे, हे तिथल्या विद्यार्थ्यांना सरळ विचारा. कोणी रागावत नाही.

आता माझी चूक. 1998 साली रिचर्ड द डिअर आणि गेल ब्रेगर या संशोधकांनी 160 इमारतींमधल्या सुमारे 21,000 नोंदी तपासून दाखवलं, की खिडक्या उघडता येतात अशा इमारतींतली माणसं बाहेरच्या हवेशी जुळवून घेतात. एसीतल्या माणसांना सोसत नाही तेवढा उकाडा त्यांना चालतो. हे वाचलं आणि मला आपले वाडे आठवले. मे महिन्यात सुट्टीला आलो तेव्हा टेबल टेनिसचे चेंडू करड्या रंगाने रंगवले, आत तापमान मोजणारे सेन्सर बसवले आणि कसबा, सदाशिव पेठेतल्या 11 घरांत टांगले. रोज दुपारी जाऊन विचारायचो, आत्ता कसं वाटतंय? ‘खूप थंड’पासून ‘खूप गरम’पर्यंत सात पायऱ्या, त्यातली एक निवडायची. एका माजघरात आजी म्हणाल्या, “उकडत नाहीये रे, कोंदतंय.” त्या सात पायऱ्यांत कोंदण्याला जागाच नव्हती. मला वाटलं, प्रबंधाचा विषय हातात आला.

परत गेल्यावर गाइडने पहिलाच प्रश्न विचारला: आयआरबीची मंजुरी कधीची? माणसांवरच्या संशोधनाला परवानगी देणारी ही विद्यापीठाची समिती. मंजुरी आधी घ्यावी लागते, मागाहून मिळत नाही. सगळी उत्तरं बाद झाली, आणि उत्तरांशिवाय तापमानाच्या आकड्यांना काही अर्थ नव्हता. पुढच्या मे महिन्यात मंजुरी घेऊन त्याच घरांत गेलो, तोवर दोन वाडे पाडून झाले होते. कोंदतंय म्हणणाऱ्या आजींचा त्यातलाच एक.

म्हणून पुन्हा सांगतो. पुण्यात येऊन शेजाऱ्यांना, भाजीवाल्यांना, रिक्षावाल्यांना काहीही विचारायचं असेल, तर तिकीट काढायच्या आधी अर्ज करा. “साधेच तर प्रश्न आहेत, सूट मिळेल” असं स्वतःच ठरवू नका. सूट द्यायची की नाही, हेही समितीच ठरवते. संमतीपत्र मराठीत करा, आणि ते घरातल्या आजोबांना वाचायला देऊन कळतंय का बघा.

बाकीचं थोडक्यात. प्राध्यापकांना नावाने हाक मारतात. दोन आठवडे जीभ अडखळते, मग होते सवय. मीटिंगमध्ये गप्प बसलात तर ते त्याला आदर समजत नाहीत, तयारी नाही असं समजतात. अमेरिकन माणूस तुमच्या कल्पनेला नुसतं “इंटरेस्टिंग” म्हणाला आणि पुढे प्रश्न विचारला नाही, तर ती त्याला पटलेली नाही. एफ-1 या विद्यार्थी व्हिसावर सत्र चालू असताना कॅम्पसवर आठवड्याला 20 तासांपर्यंतच काम करता येतं. कितीही गळ घातली तरी वर जाऊ नका.

तिथल्या मराठी मंडळींत गणपतीला जरूर जा, मन हलकं होतं. पण तिथे जुनी माणसं सांगतील, “प्लॅनिंगला पैसा नाही, डेटा सायन्सकडे वळ.” ती मायेने सांगतात, पण त्यातले बहुतेक तुमच्या लॅबची पायरी चढलेले नसतात. पहिलं वर्ष तरी ऐकू नका.

सेन्सरच्या सुट्या लिथियम बॅटऱ्या हातातल्या बॅगेत ठेवा, चेक-इनमध्ये चालत नाहीत. आणि माझ्या संमतीपत्राचा मराठी मसुदा हवा असेल तर घरी येऊन घेऊन जा. जुलैच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत मी इथेच आहे.